घरी जोडलेल्या सीएनसीला होम स्विच कुठला लावू? (लाईट गेली, मखर फुकट गेलं)

चितारआळी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. पहिलाच धागा आहे, चूकभूल सांभाळून घ्या.

सावंतवाडीत आमचं लाकडी नक्षीचं काम आहे, आजोबांपासूनचं. दीड वर्षापूर्वी मी स्वतः एक सीएनसी राउटर (संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणारं कोरायचं मशीन) जोडला. चाल ६०० बाय ६०० मिमी, एक्स-वायला १६०५ बॉलस्क्रू, झेडला टी८, नेमा २३ मोटरी, टीबी६६०० ड्रायव्हर. डोकं म्हणजे आर्डुइनो उनो बोर्ड, त्यावर मोटरी हलवणारं जीआरबीएल १.१ सॉफ्टवेअर, आणि वायरी नीट काढता याव्यात म्हणून वर सीएनसी शील्ड व्ही३. स्पिंडल परवडला नाही, ७१० वॉटचा ट्रिमर बांधलाय. होम स्विच (मशीनला आपली ठरलेली जागा, म्हणजे 'होम', परत सापडावी म्हणून अक्षाच्या टोकाशी लावतात तो) एकही नाही. कटर हातानं कोपऱ्यावर आणायचा, पेन्सिलच्या खुणेवर टेकवायचा, झीरो मारायचा, कामाला लागायचं. आजवर निभावलं.

परवा गणपतीच्या मखराची जाळी लावली होती. १२ मिमी एमडीएफ. पावणेदोन तास झाले होते, चाळीसेक मिनिटं राहिली होती, आणि लाईट गेली. आल्यावर त्याच खुणेवर झीरो घेतला आणि उरलेला प्रोग्रॅम सोडला. वरची नक्षी खालच्यापेक्षा मिलिमीटरभर सरकली. कमळाच्या पाकळीला मधोमध स्टेप पडली. पुट्टी भरून लपवता येईल असं वाटलं होतं, पण गिऱ्हाईकानं लांबूनच बोट ठेवलं.

बाबा म्हणाले, "हेका आपलां घरच म्हायत नाय, तां काम काय करतलां?" म्हणून विचारतोय: साधा मायक्रोस्विच लावू, की ते नट लावून बसवायचे इंडक्टिव्ह सेन्सर, की ऑप्टिकल? तीन पुरतील की सहा लागतील? आणि बसवायचे कुठे?

---

जीरो_जीरो

मी उलटं सांगतो, राग मानू नका. माझ्या ३०१८ वर चार वर्षांत एकही स्विच नाही. वेस्टबोर्डात (जॉबखालच्या फळ्यात) ६ मिमीच्या दोन डॉवेल पिना ठोकल्यात, जॉब त्यांना भिडवून लावतो. लाईट गेली की पिनेवरून झीरो परत घेतो. पेन्सिलची खूण अर्ध्या मिमीची जाड असते हो, दोष तिचा आहे. स्विच लावले की वायरी आल्या, वायरी आल्या की खोटे अलार्म आले.

---

चितारआळी

पिनांची कल्पना चांगली आहे, लावणारच. पण जाळीच्या कामात कटर मधेच अडकलेला असतो. पिनेवर टेकवायला झेड वर घ्यावा लागतो, ६०० मिमी लांब यावं लागतं, आणि टेकला की नाही ते शेवटी माझे डोळेच ठरवतात. रात्री साडेनऊला डोळ्यांवर किती भरवसा ठेवायचा?

---

तेलकट_हात

भोसरीत वीसेक वर्षं मशीन मेंटेनन्स करतोय. घरी एक छोटं मशीन आहे, पण मूळ पिंड व्हीएमसीचा, म्हणजे कारखान्यातल्या मोठ्या सीएनसी मशीनचा.

होम अमुक जागी 'अचूक' असायला हवं, हे आधी डोक्यातून काढा. होम टेबलाच्या कोपऱ्यापासून १३ मिमीवर येवो नाहीतर १७ वर, आपल्याला देणंघेणं नाही. रोज तिथंच यायला हवं. त्यामुळे 'सर्वात चांगला स्विच कुठला' यापेक्षा 'माझ्या मशीनवर, माझ्या ब्रॅकेटवर हा स्विच दहा वेळा तिथंच येतो का' हे बघा. त्यासाठी डायल (मिमीचे शतांश दाखवणारा काट्याचा मापक) लागतो. नसेल तर उसना आणा, पण डायल लावल्याशिवाय सेन्सरवर मत देऊ नका.

एक किस्सा सांगतो. आमच्याकडे एक जुनं मशीन होतं. सकाळी होम घेतलं की कधी सगळं बरोबर, कधी एक अक्ष बरोब्बर १० मिमी आउट. नऊ नाही, साडेनऊ नाही, दहाच. ऑपरेटर बिचारा शिव्या खायचा. त्या मशीनचा स्क्रू १० मिमी पिचचा, मोटर त्याला थेट जोडलेली. जुन्या मशीनवर होम दोन टप्प्यांत घेतात. स्लाइडवरचा डॉग (ठोकळा) लिमिट स्विच दाबतो, वेग उतरतो, आणि डॉग सुटला की एन्कोडरचा (मोटरीची फेरी मोजणाऱ्याचा) फेरीत एकदाच येणारा मार्कर पल्स पकडतात. होम ठरतं ते त्या पल्सवर, स्विच फक्त जवळ आणून सोडतो. आमचा डॉग असा बसला होता की स्विच नेमका मार्करच्या तोंडाशी सुटायचा. कधी हा पल्स मिळायचा, कधी एक फेरी पुढचा. डॉग अर्धा पिच सरकवला, दोन ॲलन बोल्टचं काम. त्याआधी तीन दिवस लोक ड्राइव्हचे पॅरामीटर बघत बसले होते.

तुमच्या स्टेपर मोटरीला मार्कर नाही. स्विच जिथं चालू झाला तेच होम. म्हणजे स्विचचा, त्याच्या पट्टीचा, पट्टीच्या स्क्रूचा जो काही लूजपणा असेल तो थेट जॉबवर उतरणार. म्हणून स्विचवर वाचवा, पण ब्रॅकेटवर वाचवू नका.

आता प्रकार. लाकडाला चांगल्या कंपनीचा मायक्रोस्विच पुरेसा. लांब पत्ती असलेला घेऊ नका. पत्ती जितकी लांब तितकी बटणाची चूक टोकाला मोठी होऊन दिसते. आखूड पत्ती किंवा रोलर बघा. ऑप्टिकल स्लॉट सेन्सर प्रिंटरमध्ये झकास, एमडीएफच्या पिठासारख्या भुशात त्याची खाच बुजणार. हॉल सेन्सर आणि लोहचुंबक लाकडात चालतं, पण लोखंड कापायला घेतलंत की चुंबकाला दाढी फुटते. इंडक्टिव्हला भुसा, धूळ, तेल कशाचंच काही वाटत नाही. तुमच्याकडच्या दमट हवेत उघड्या कॉन्टॅक्टपेक्षा तो जास्त टिकेल.

आणि काहीही लावा, अक्षाच्या वाटेत समोरासमोर उभं करू नका. धडकणारा गाडा स्विचला थांबा समजतो. बाजूला बसवा, गाडा शेजारून सरकत जाऊ दे. मायक्रोस्विचला दाबणाऱ्या पट्टीला उतार द्या, म्हणजे चार-पाच मिमी पुढे गेला तरी काही मोडत नाही.

तीन पुरतात. झेडला वर, एक्स-वायला ज्या कोपऱ्यात गाडा अडचण करत नाही तिथं. दुसरी टोकं सॉफ्ट लिमिटवर (स्विचशिवाय सॉफ्टवेअरनंच पाळायच्या मर्यादेवर) सोडा.

---

रविवारचा_सुतार

यातलं ओ की ठो कळत नाही, पण वाचतोय. मखराचा फोटो टाका की.

---

ओहमशांती

तेलकट_हात यांना +१. मी वायरिंगचं बोलते, कारण ९०% धागे तिथंच रडतात. (आकडा अंदाजे, रडणं खरं.)

उनोच्या पिनेला आतून जो पुल-अप (पिन ५ व्होल्टकडे ओढून धरणारा रेझिस्टर) असतो तो २० ते ५० किलोओहमचा. म्हणजे पिन अगदी हलक्या दोरीनं वर बांधलेली असते. तुमचा ट्रिमर कार्बन ब्रशचा, ठिणग्या पाडणारा. त्याची वायर आणि स्विचची वायर एकाच ड्रॅग चेनमधून मीटरभर शेजारी पळाली की ती दोरी हलणार, आणि जीआरबीएलला वाटणार स्विच दाबला.

यावर उपाय तीन. एक, शक्यतो एनसी, म्हणजे एरवी बंद असलेला कॉन्टॅक्ट वापरा. एरवी पिन थेट ग्राउंडला घट्ट बांधलेली राहते, आवाज सहज शिरत नाही. शिवाय वायर तुटली तर मशीनला लगेच कळतं. एनओमध्ये (एरवी उघड्या कॉन्टॅक्टमध्ये) तुटलेली वायर कळते ती गाडा टोकाला आदळल्यावर. दोन, पिनेजवळ बाहेरून ४.७ किलोओहमचा पुल-अप ५ व्होल्टला, आणि पिन ते ग्राउंड ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर, ज्यावर १०४ छापलेलं असतं तो. दोन्ही मिळून पाच रुपयांत होतात. तीन, शील्डेड वायर, आणि तिची जाळी कंट्रोल बॉक्सच्या बाजूलाच ग्राउंड करा. दोन्ही टोकांना नको.

इंडक्टिव्ह घेणार असाल तर एक धोका. बाजारातला एलजे१२ए३-४-झेड/बीएक्स म्हणजे एनपीएन (सिग्नल ग्राउंडकडे ओढणारा), एनओ, ६ ते ३६ व्होल्टवर चालणारा. तपकिरी प्लस, निळी मायनस, काळी सिग्नल. १२ व्होल्टवर चालवला की काळ्या वायरीवर एरवी १२ व्होल्टच्या आसपास येतात. ती थेट उनोला जोडलीत तर पिन गेली. मध्ये पीसी८१७ ऑप्टोकपलर घाला. नाहीतर एक १एन४१४८ डायोड, काळा पट्टा सेन्सरकडे. मग सेन्सर पिनेला फक्त खाली ओढू शकतो, वर ढकलू शकत नाही.

---

चितारआळी

शनिवारी पुण्यात काम होतं, बुधवार पेठेत जाऊन आलो. दोन इंडक्टिव्ह (बीएक्सच मिळाले), एक रोलरवाला मायक्रोस्विच झेडसाठी, डायोड, कपॅसिटर. एक्स-वायचे ब्रॅकेट मित्राकडून थ्रीडी प्रिंट करून घेतले. सेन्सरसमोर गाड्यावर एम६ बोल्टचं डोकं. आता कहाणी ऐका.

$२२=१ करून होमिंग चालू केलं (टाइप करताना आकडे अर्थात इंग्रजी). $एच (होम घ्यायचा आदेश) मारलं. झेड वर गेला, मायक्रोस्विच कट्ट करून दाबला, तरी वरच जात राहिला. टरटरटर. धावत जाऊन प्लग उपटला. झेडची वायर वेगळी ठेवून नुसता एक्स तपासावा म्हटलं, तर एक्स अर्ध्या वाटेत आपोआप थांबला, अलार्म ९. आणि ट्रिमर चालू केला की मशीन उभं असतानाही अलार्म १.

कपॅसिटर अजून लावलेले नाहीत, ओरडू नका.

---

ओहमशांती

ओरडत नाही. तीन वेगळे आजार आहेत, एक एक घेऊ.

झेड: शील्ड व्ही३ वर 'झेड' छापलेल्या लिमिट पिना ११ नंबरला जातात. जीआरबीएल ०.९ पासून स्पिंडलचा वेग पीडब्ल्यूएमनं बदलता यावा म्हणून ११ नंबर स्पिंडलला दिला आणि झेड लिमिट १२ वर नेला. तुमचं शील्ड त्याआधीच्या हिशोबानं छापलेलं. झेडची वायर स्पिंडल-एनेबल छापलेल्या पिनेवर लावा. या एका छपाईनं किती झेड अक्ष वर ठोकले गेलेत देव जाणे.

अलार्म ९ म्हणजे ठरलेल्या अंतरात स्विच सापडला नाही. ते अंतर कमाल चालीच्या दीडपट असतं. तुमचं $१३० अजून मूळच्या २०० वरच असणार, म्हणजे ३०० मिमी शोधून त्यानं नाद सोडला. $१३०, $१३१ ला ६०० भरा, $१३२ ला झेडची खरी चाल.

अलार्म १ म्हणजे हार्ड लिमिट, लिमिट स्विच दाबला गेला असं वाटून मशीन थांबतं. तो ट्रिमरचा. कपॅसिटर लावा.

आणि होम घ्यायच्या आधी नेहमी: प्रश्नचिन्ह पाठवा. उत्तरात पीएन असं येऊन पुढे ज्या अक्षाचा स्विच दाबलेला वाटतो त्याचं अक्षर येतं. सेन्सरसमोर स्क्रूड्रायव्हर धरा, मायक्रोस्विच बोटानं दाबा. अक्षर येतंय-जातंय हे बघूनच $एच. मोटरी फिरवून स्विच तपासू नयेत.

---

चितारआळी

वायर हलवली, चाली भरल्या. आता पीएनपुढे झेड कायमच दिसतोय, न दाबता. आणि $एचला अलार्म ८. मायक्रोस्विच एनसीवर जोडलाय, तुम्हीच सांगितल्याप्रमाणे!

---

ओहमशांती

मीच सांगितलं आणि मीच अर्धं सांगितलं, माफ करा.

$५ ही स्विचचा अर्थ उलटा करणारी सेटिंग तिन्ही अक्षांना एकदमच लागू होते. तुमचे बीएक्स सेन्सर एनओ, झेड एनसी. $५=० ठेवलंत तर झेड कायम दाबलेला, $५=१ केलंत तर एक्स-वाय दाबलेले. अलार्म ८ त्यामुळेच: मागे हटूनही स्विच सुटला नाही असं त्याला वाटतं. आज चालवायचं असेल तर मायक्रोस्विचची वायर एनओच्या पायावर हलवा. नीट करायचं असेल तर एक्स-वायला बीएक्सऐवजी एएक्स मागवा. तो एनपीएनच, पण एनसी. मग सगळे एनसी, $५=१. १२ व्होल्टचा सप्लाय गेला तरी मशीन 'स्विच दाबला' समजून थांबेल, जे आपल्याला हवंच आहे.

खोट्या अलार्मसाठी $२६ (स्विच स्थिरावण्यासाठीचा थांबा) वाढवू नका. सगळे तोच सल्ला देतात. तो थांबा फक्त होमिंगपुरता आहे, काम चालू असतानाच्या हार्ड लिमिटशी त्याचा संबंध नाही.

---

जीरो_जीरो

वायरी आल्या की खोटे अलार्म आले, असं कोण बरं म्हणालं होतं?

---

चितारआळी

तुम्हीच साहेब. एएक्स मागवलेत.

---

नेकरकाठ

जर्मनीतून. माझ्याकडे लिनक्ससीएनसी (जीआरबीएलऐवजी संगणकावरून मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) आहे. गॅन्ट्रीला (टेबलावरच्या आडव्या पुलाला) दोन्ही बाजूंनी मोटर असलेल्यांसाठी लिहितो, कारण कोणीतरी विचारेलच: तिथं वायला दोन स्विच लावा, प्रत्येक बाजूला एक. दोन्ही मोटरी आपापल्या स्विचपर्यंत स्वतंत्र जातात आणि गॅन्ट्री दर होमला काटकोनात येते. लिनक्ससीएनसीत होम-सीक्वेन्सचा आकडा ऋण दिला की शेवटची चाल दोन्ही एकदम करतात. दोन स्विचमधला फरक होम-ऑफसेटनं मारायचा. एका मोठ्या प्लायवर चौकोन काढून कर्ण मोजा, मग ऑफसेट बदला, परत मोजा. माझी दुपार गेली होती.

---

तेलकट_हात

जीआरबीएलमध्येही २०१९ च्या १.१एच पासून दोन मोटरींची सोय आहे, पण कॉन्फिग फाइल बदलून कंपाइल करावं लागतं. त्यापेक्षा ग्रबलहॅल किंवा फ्लुइडएनसी ही त्याची भावंडं घ्यावीत. फ्लुइडएनसीवाल्यांनी ध्यानात ठेवा: त्याच्या ईएसपी३२ चिपच्या ३४ ते ३९ या पिनांना आतून पुल-अप नसतो. बाहेरून दिला नाहीत तर त्या वाऱ्यावर हलतात.

धागाकर्त्याचा एकच मधला स्क्रू आहे, त्याला हे नको.

---

चितारआळी

एएक्स आले. डायोड, ४.७ के, १०४ सगळं लावलं, स्विचच्या वायरी ट्रिमरच्या वायरीपासून वेगळ्या बाजूनं नेल्या. ट्रिमर दहा वेळा चालू-बंद केला, एकही अलार्म नाही. $एच मारलं की झेड वर, मग एक्स-वाय एकदम कोपऱ्यात, टुक, मागे, हळू, टुक. बाबा खुर्ची ओढून बघत बसले.

शेजारच्या गॅरेजमधून डायल उसना आणला. मॅग्नेट बेस बेडवर चिकटेना (ॲल्युमिनियम), म्हणून खाली लोखंडी पट्टी बोल्ट केली. वायच्या गाड्याला डायल टेकवला, होम घेतलं, शून्य केला. मग गाडा १०० मिमी लांब, परत होम, वाच. दहा वेळा.

एक्स: सगळी वाचनं दोन शतांशाच्या आत. झेडचा मायक्रोस्विच: तीन शतांश. मला वाटलं होतं तो सगळ्यात वाईट निघेल.
वाय: ०, २, ३, ३, ५, ६, ६, ८, ९, ११ शतांश. एकाच बाजूला सरकत चाललंय!

कपलिंग आवळून बघितलं, घट्ट आहे. सेन्सर खराब आला का?

---

तेलकट_हात

एकाच दिशेला सरकणारं वाचन म्हणजे सहसा सेन्सर नाही. सेन्सर बिघडला की इकडेतिकडे उडतो. काहीतरी हळूहळू वाकतंय किंवा सैल होतंय. वायच्या आणि एक्सच्या सेन्सरमधला फरक सांगा: ब्रॅकेट सारखाच? वायर कशी येते? आणि एम६ बोल्टच्या मागे लॉकनट आहे ना? षटकोनी डोकं थोडं फिरलं तरी सेन्सरला कडा दिसते की सपाट बाजू हे बदलतं.

आणखी एक. सेन्सर बोल्टपासून किती लांब? त्याचे ४ मिमी हे मऊ पोलादाच्या पट्टीवरचे. ॲल्युमिनियमसमोर त्याच्या चाळीस टक्क्यांवर येतो, दीड मिमीच्या आसपास. काठावर चालवू नका. बोल्ट शेजारून जाताना दोन-अडीच मिमीची फट ठेवा.

---

चितारआळी

सापडलं.

ब्रॅकेट दोन्ही सारखेच, पीएलए प्लास्टिकचे. पण वायच्या सेन्सरची वायर ड्रॅग चेनमधून ताणून आली होती, आणि ते प्रिंट केलेलं एल आकाराचं ब्रॅकेट दर फेरीला थोडं थोडं ओढलं जात होतं. डायल ब्रॅकेटला टेकवून वायर हातानं हलकीशी ओढली आणि डायलकडे बघितलं: काटा पंधरा शतांश फिरला. वायर सोडली, काटा आला तो चार शतांश कमी येऊन थांबला. समोर दिसलं हो. दोन आठवडे मी सेन्सरचे प्रकार वाचत होतो.

भंगारवाल्याकडून ५ मिमी जाडीचा ॲल्युमिनियम अँगल आणला, १२ मिमीचं भोक, दोन एम५. वायर अँगलवरच क्लिपनं बांधली, म्हणजे ताण आला तरी सेन्सरला कळणार नाही. बोल्टच्या जागी डोकं फाइलनं गोल केलेला लोखंडी तुकडा, मागे लॉकनट. फट दोन मिमी, फीलर गेजनं लावली.

परत दहा वेळा: ०, १, ०, १, १, ०, २, १, १, ०. आता एक्सचंही प्रिंट ब्रॅकेट काढून अँगल लावतो.

---

जीरो_जीरो

मानलं. (पिना तरीही ठोका.)

---

ओहमशांती

वाखु (वाचनखूण) साठवली. तो वायर ओढून डायल बघण्याचा प्रयोग मी आजवर कुणाला सांगितला नव्हता, आता सांगत जाईन.

एक छोटी सूचना: $२७ ची माघार (होमवर टेकल्यावर मागे हटायचं अंतर) १ मिमी असेल तर होमनंतर मशीनच्या मोजणीत तुम्ही उणे १ वर असता, शून्यावर नाही. कुठल्या तरी प्रोग्रॅमच्या सुरुवातीला 'जी५३ जी० झेड०' (झेड मशीनच्या शून्यावर ने) असेल तर झेड एक मिमी वर जाऊन स्विच दाबेल आणि काम सुरू व्हायच्या आधीच अलार्म १. 'झेड-१' करा. किंवा माघार दोन-तीन मिमी ठेवा. हार्ड लिमिट चालू ठेवणाऱ्यांनी आवर्जून.

---

चितारआळी

काल संध्याकाळी पावणेसातला परत लाईट गेली. मखराची दुसरी जाळी, कटर १२ मिमीत रुतलेला. खरं सांगू, पहिल्यांदा थोडा आनंदच झाला.

काय केलं ते लिहितो, चुकलं असेल तर सांगा. आल्यावर $एच. झेड आधी वर जातो हे किती बरं आहे, कटर आपोआप जाळीतून निघाला. जी५४ चा ऑफसेट (जॉबचा झीरो) उनोच्या ईईप्रॉममध्ये, लाईट गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत असतो, त्यामुळे झीरो परत घ्यायचाच नाही. तोच मोह आवरावा लागतो. कटर बदलला नव्हता, म्हणून झेडही जुनाच. मग कँडलमध्ये (मशीनला प्रोग्रॅम पाठवायचं सॉफ्टवेअर) जिथं थांबलं होतं त्याच्या थोडं मागे, जिथं कटर वर उचलून दुसऱ्या पाकळीकडे जातो ती ओळ शोधली, आणि तिथून सुरू केलं. पहिल्यांदा एरर २२ आली, कारण फीडची (कापण्याच्या वेगाची) ओळ वरच राहिली होती. सुरुवातीच्या जी२१ जी९० जी५४ आणि एफचा आकडा हातानं दिला, मग चाललं.

---

तेलकट_हात

बरोबर केलंत. पण एक विसरलात, नाहीतर सांगितलं असतंत. लाईट गेली तेव्हा ट्रिमरचं बटण बंद केलंत का?

---

चितारआळी

...नाही. लाईट आली तेव्हा तो रुतलेल्या जागीच फिरायला लागला. मी घरात चहा घेत होतो, आवाज ऐकून धावलो. जाळीला तिथं एक काळा डाग पडलाय.

---

तेलकट_हात

हेच म्हणतो. त्याचं बटण सरकवायचं, लाईट आली की स्वतःहून चालू होतं. कटर रुतलेला, मोटरी सैल, आणि तुमचा हात आत असता तर? एक कॉन्टॅक्टर आणि स्टार्टचं पुशबटण लावा. लाईट गेली की कॉन्टॅक्टर सुटतो, आली तरी तुम्ही दाबेपर्यंत ट्रिमर बंदच. गिरणीवाल्याकडे असतो तसाच. होम स्विचच्या आधी हे लावायला हवं होतं, ही माझीही चूक, पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं.

---

चितारआळी

उद्याच लावतो. गिरणी आमच्या गल्लीतच आहे, त्याच्याकडे बघून येतो कसा जोडलाय.

डाग सँडपेपरनं गेला. जोडाच्या जागेवरून नख फिरवलं, अडकत नाही. बाबांनी चष्मा लावून शोधला, त्यांनाही सापडला नाही. मग म्हणाले, जोड नसलेल्या ठिकाणी बोट ठेवून, "हयसर आसा."

---

रविवारचा_सुतार

फोटो?

---

चितारआळी

रंग चढला की टाकतो. अजून दोन हात बाकी आहेत.